पिक्चरात न आलेला म्हातारा

"पुस्तकात असं नाय," बायको म्हणाली आणि खुर्चीतून उठून उभीच राहिली.

मंचरच्या थेटरात दुपारचा खेळ चालू होता. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ आजी, खाली बसा की!" मी पदर धरून तिला खाली बसवलं. "पण म्हातारा कुठंय?" तिनं मलाच विचारलं, जसा काही मीच त्याला लपवलाय.

आम्ही दोघं मिळून घराबाहेर पडलो ते शेवटचं.

ती आमच्या वाडीच्या अंगणवाडीत मदतनीस होती. शाळा चौथीपर्यंत. माझी दुसरीपर्यंत, तीही निम्मी मेंढरांमागं. बदली होऊन गेलेल्या एका बाईंनी तिला लहान मुलांची एक कादंबरी दिली होती. ढग कोंडून ठेवणारा राजा, आणि त्यांना सोडवायला डोंगर चढून आभाळात गेलेली मुलगी. खिचडी शिजेपर्यंत ती मुलांना रोज थोडं वाचून दाखवायची. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. असं वीसेक वर्षं, अगदी शेवटपर्यंत. पुठ्ठा गेला, तिनं सिमेंटच्या पिशवीचा कागद घालून दाभणानं शिवलं. पुढं पुढं नुसती पानं उलटायची, बघायची नाही. सगळं पाठ.

"पुस्तकात असं नाय" हे तिचं बोलणं कुठंही चालायचं. पंगतीत भात आधी वाढला, तरी. डॉक्टरनं गोळी बदलली, तरी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आयुष्यात एकच पुस्तक वाचलेलं, म्हणून खात्री एकदम पक्की.

मेंढरं घेऊन त्या वाटेनं जाताना मी अंगणवाडीच्या खिडकीशी थांबायचो. मला म्हातारा आवडायचा. मुलगी वाट चुकते तिथं तो भेटतो. मेंढरांना घालावी तशी ढगांना शीळ घालतो, भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला टाकतो, मगच वाट सांगतो. "जरा तिरसट हाय, पर मनाचा लई चांगला," असं ती वाचायची.

त्याच पुस्तकावर काढलेल्या पिक्चरात मुलगी वाऱ्यामागं गेली आणि तिला वाट सापडली. म्हातारा नाहीच. एसटीत ती कळंबपर्यंत धुमसत होती. "लई शाने! अख्खा माणूस गाळला!"

मी म्हणालो, "पिक्चर लांबला असता, म्हणून कापला असंल."

"तुमाला काय कळतंय? घरी चला, पान काढून दाखवते."

घरी आल्यावर म्हणाली, "जरा टेकते, मग दाखवते." ओट्यावर भिंतीला टेकून बसली. मी शेळीची धार काढून आलो, तोवर गेली होती. चरवी माझ्या हातातच राहिली.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि मी ते पान शोधायला बसलो. तिचं राहिलंय, आपण काढावं. बोट ठेवून, अक्षर जोडून वाचायला चार दिवस लागले. शेवटच्या पानावर आलो तेव्हा दिवस मावळत होता. म्हातारा नव्हता. पान फाटलं असेल म्हणून आकडे पाहिले, सगळे ओळीत. पुस्तकातली मुलगीही वाऱ्यामागंच गेली होती. पिक्चरवाल्यांनी काही गाळलं नव्हतं. हिनंच घुसडलं होतं.

राग आला मला. वीस वर्षं लोकांच्या पोरांना फसवलं, मला फसवलं, आणि वर थेटरात उभी राहून भांडली. असती तर चांगला वाद घातला असता.

"पुस्तकात असं नाय," मी तिच्या फोटोला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं माळावर नेली. भूक लागली तशी भाकरी सोडली. पहिला तुकडा मोडून कुत्र्याला टाकला. चाळीस वर्षं टाकतोय. दुसरा मोडला, तो हातातच राहिला.

मेंढरं भावकीतल्या एकाच्या मेंढरांत घातली आणि घरी येऊन पुस्तक घेतलं. अंगणवाडीत खिचडी शिजत होती. नवी मदतनीस म्हणाली, "या बाबा, बसा." मुलगी वाट चुकते तेच पान काढलं आणि बोट ठेवून वाचू लागलो. चार ओळी झाल्या. मग पुस्तक मिटलं.

एक पोरगी पुढं सरकली. "आता म्हातारा येतो ना?"

"येतो," म्हणालो, आणि शीळ घातली.