उलट्या पायाची दौड

जयंती पटवर्धन निवृत्त झाली आणि साठी उलटल्यावर घोड्यावर बसायला शिकली. कॅनडातल्या एडमंटनच्या मराठी मंडळींनी आधी थट्टा केली, मग तिचा नाद सोडला.

शहराबाहेर हेदरचा तबेला होता. तिथला जुनिपर हा तांबडा घोडा हेदरच्या मालकीचा. पण त्याला खरारा करणं, फिरवणं, सगळं जयंतीच करायची. २०१७च्या हिवाळ्यात तिनं त्याला एक नवी गोष्ट शिकवायला घेतली. कॅंटर करताना, म्हणजे संथ दौडीत, डावीकडे वळणारा घोडा डावा पाय पुढे टाकतो. तिला उजवा पाय पुढे ठेवूनच त्याला डावीकडे वळवायचं होतं. त्यानं घोड्याचा तोल पक्का होतो. सुरुवातीला जुनिपर बावरायचा. वळण आलं की पाय बदलायचा, नाहीतर दुडक्या चालीवर यायचा. ती लगाम खेचत नसे. रिंगणाच्या भिंतीपासून जेमतेम आत न्यायची, परत भिंतीशी आणायची, मान थोपटायची. मार्चमध्ये त्यानं अख्खं वळण न डगमगता घेतलं, तेव्हा ती खोगिरावर बसल्या बसल्याच रडली.

पुढच्या शनिवारी हेदर म्हणाली, "पाहुणे आलेत. दाखव ना त्यांना!"

जयंतीनं हौसेनं दाखवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी जुनिपरचे पाय चाचपले, दात पाहिले. जयंती हेदरकडे वळली.

"विकतेयस त्याला?"

हेदरनं नजर चुकवली. "नंदन बोलला नाही तुला? तुझा नवराच म्हणाला, या वयात पडलीस तर काय. यापुढे तू येणार नाहीस, असं त्यानंच सांगितलं. मग मी घोडा कुणासाठी ठेवू?"

घरी तिचा नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"काळजीपोटी बोललो गं," नंदन म्हणाला. "तुला सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. म्हणून माझ्या पाठीमागे? माझ्याच हातानं त्याला बाजारात उभा केलात तुम्ही दोघांनी."

तिनं चहाला हात लावला नाही.

घोडा न्यायला ट्रेलर आला, तेव्हा ती मुद्दाम गेली. हेदरशी बोलली नाही. नव्या मालकिणीला एवढंच म्हणाली, "वळणावर खेचू नका. घाई केली की घाबरतो."

मे महिन्यात ती दुसऱ्या तबेल्यात जायला लागली. कुठल्या, ते तिनं नंदनला अजून सांगितलेलं नाही.