दाराबाहेरच्या चपला

शेवंतीबाई नसत्या, तर समुद्र दिसतो म्हणून मी फोनवर फोटोत बघितलेलं घरच भाड्याने घेतलं असतं. गोव्यात मी फरशा बसवतो. आमच्या कामाच्या जागेजवळच्या कोपऱ्यावर त्या फुलं विकतात. गावाकडून आई, बायको आणि मुलगी आठ दिवस फिरायला येणार, त्यांच्यासाठी घर हवं होतं. आईला दमा, आणि मी दिवसभर कामावर. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे फोनवर लोकांनी त्या घराबद्दल इंग्रजीत काय लिहिलंय ते कळेना.

"फोटो कसले बघतोस रे पुता? जिना चढ, दाराबाहेरच्या चपला बघ," बाई म्हणाल्या.

त्या समुद्राकडच्या इमारतीचा जिना चढलो. तिन्ही मजल्यांवर नुसती कुलपं. मागच्या गल्लीतल्या जुन्या इमारतीत मात्र, भाड्याला असलेलं एक घर सोडलं तर, प्रत्येक दाराबाहेर चपला होत्या, झिजलेल्या, चिखलाच्या. एक इवलासा बूट उलटा पडलेला. गावात घरी कोण आहे ते आम्ही चपलांवरूनच ओळखतो. परमुलखात येऊन मी ते विसरलोच होतो. इथून समुद्र दिसत नाही. पण आईचा श्वास अडकला, तर बायकोला वाजवायला शेजारचं दार आहे. हेच घर ठरवलं.

शेवंतीबाई, एक दिवस तुमच्या चपला आमच्या गावच्या दाराबाहेर काढायला लावीन, आणि आईच्या हातची गरम भाकरी तुम्हाला वाढीन.