भिंतीची कोरडी भोकं

श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता आमच्या घरामागून, आमच्या कौलांपेक्षाही उंचावरून जातो. तो रुंद केला तेव्हा भराव अडवायला परसाला लागून भिंत बांधली. आतलं पाणी निघून जावं म्हणून भिंतीत ओळीने भोकं ठेवली होती. भिंतीच्या अलीकडे आईचं स्वयंपाकघर.

पूर्वी नवरात्रात पाऊस आवरायचा. आता दिवाळीची रांगोळीसुद्धा वाहून जाते. मध्ये कडक ऊन पडून माती तडकते आणि मग पाऊस एकदम कोसळतो.

यंदा तसाच कोसळून गेला, आणि मला भिंतीचं लक्षण बरं दिसेना. वर रस्त्याच्या कडेचं पाणी भेगेतून भरावात शिरत होतं, खाली एकाही भोकातून थेंब नव्हता. मग ते पाणी होतं कुठे? जवळ जाऊन पाहिलं तर भोकांत गोणपाट कोंबलेलं, वर सिमेंट, त्यावर भिंतीचाच रंग.

शेजारी चुलतकाकांचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या गाड्या याच भिंतीखाली लागतात. विचारायला माझी जीभ रेटत नव्हती, तरी विचारलं.

"काका, भोकं तुम्ही बुजवलीत?"

"मग? पाव्हण्यांच्या पांढऱ्या गाड्या लाल होतात. रिव्ह्यू कोण वाचतो, तू की मी?"

"पाणी आत साठतंय. भिंतीला पोट आलंय."

"माझं पोट किती वर्षं हाय! पडलो का मी?" काका आईकडे वळले. "वहिनी, इंग्लिश शाळेत भिंतीवर पण संशय घ्यायला शिकवतात व्हय?"

आई हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण वरून डंपर गेला तसा मी हात लावलेला भिंतीतला दगड थरथरला.

मी पहार आणली, बाजूला उभी राहिले आणि खालच्या भोकातलं सिमेंट फोडलं. गोणपाट सुटताच पाणी उसळून काकांच्या लुंगीवर आलं. दाट, लाल, वाळू घेऊन. काकांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या हातातून पहार घेतली आणि पुढचं भोक फोडायला लागले.

"निघालं ना पाणी? झालं तर मग," आई म्हणाली.

"पाण्याबरोबर माती येतेय, आई. ती आतली आहे. आत किती पोकळ झालंय ते दिसत नाही."

आईने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन तिने भाताखालचा गॅस बंद केला.

"सिलिंडरला हात लाव," ती म्हणाली. "आजपासून चूल पुढच्या पडवीत."