पाच कोकरं आणि पाझराचं गवत

अगं, हा कागद नीट उजेडाला धर. काल आलीस, चहा अर्धा टाकलास आणि निघालीससुद्धा. ही काय रीत झाली? जाता जाता उंबऱ्यातून म्हणालीस, "आजी, कोकरं अशी टुमटुमीत झालीत! पोटं बघ नुसती." मी तोंड उघडेपर्यंत "रविवारी येते" म्हणत तू रस्त्याला लागलीस. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे, पण शेवटपर्यंत वाच.

मी कामथडीची. लग्न होऊन गुंजवण्याला आले तेव्हा भोरला अजून राजांचं राज्य होतं. माहेरची रानं कोरडी, आणि इथं जिकडं बघावं तिकडं भातखाचरं. भात निघालं की धनगर कोकणात उतरायचे, वाटेत आमच्या खाचरात मेंढ्या बसवायचे. रानाला खत मिळायचं, त्यांना धान्य. त्या कार्तिकात एका धनगरणीनं पाच कोकरं आमच्या ओसरीत आणून सोडली.

"ह्यांच्या आया मेल्या, बाय. घाट उतरायची न्हाईत ही. परत येईन तवा नेईन."

सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ठेव की. आमची सून लई शेरडं राखून आलीया म्हणं. बघू तरी."

झालं. पाच जीव माझ्या पदरात पडले, आणि माझी परीक्षाही सुरू झाली.

माहेरच्या आजीचं शिकवणं मला पाठ होतं. हुलगा भिजवून भरडायचा, नाचणीचा कोंडा मिसळायचा, वर शेवग्याचा वाळलेला पाला चुरायचा. त्यानं पायांत बळ येतं, अंग भरतं. आजी आणखी एक करायची. दर महिन्याला पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, आणि वावडिंग वाटून ताकातून पाजायची, पोटातले जंत पडावेत म्हणून. ते इतकं कडू की कोकरू पोर रडावं तसं रडायचं. मला ते बघवत नसे. मी मनाशी म्हटलं, इथलं पाणी गोड, गवत हिरवं, इथं कडू कशाला? आणि नाहीच पाजलं.

पौषात सगळं रान पिवळं पडलं. फक्त खाचराच्या खाली एक पाझर होता, घोटाभर चिखलाचा. तिथलं गवत पोपटासारखं हिरवं. मी रोज एक भारा कापून आणायची. पात्यांना बारक्या गोगलगाई चिकटलेल्या असायच्या. मी भारा गुडघ्यावर झटकायची आणि कोकरांपुढं टाकायची.

पोटं दिसामाजी वाढली. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "अगं, काय चारतीस काय? आमच्या पोरास्नी पण घाल की मूठभर!" मी हसायची. घरी आले की सासूबाई कोकरांवरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या.

मग त्यांच्या जबड्याखाली मऊ पिशवी लोंबायला लागली. मी कौतुकानं म्हटलं, "आत्याबाई, बघा तरी, हनुवटी सुटली!"

त्यांनी बोट दाबून बघितलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. त्यांनी बोट पदराला पुसलं. "मीठमोहऱ्या आण," एवढंच म्हणाल्या.

माघात कोकरं उड्या मारायची थांबली. ओरडायचीही थांबली. भिंतीचा पोपडा चाटत उभी राहायची. मला वाटलं, पोट भरलंय, सुस्तावलीत. मी एकाचे दोन भारे केले. गोठ्याच्या आढ्यावर कावळे येऊन बसायला लागले. हुसकलं तरी उडायचे नाहीत, नुसते चार पावलं सरकायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कोकरू भरड्याच्या पाटीत तोंड ठेवून निजलेलं दिसलं. हलवलं तर गार.

"नजर," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

होळी झाली आणि ती धनगरीण, कळप खाली कोकणातच ठेवून, वाट वाकडी करून एकटीच आली. एक गेल्याचं सांगताना मला रडू आलं, पण उरलेली चार मी ऐटीत पुढं केली. तिनं पोटाकडं बघितलंसुद्धा नाही. पाठीवरून अंगठा फिरवला. मग एका हातानं कोकरू उचललं, रिकामं सूप उचलावं तसं.

"ह्यात कोकरू कुठं हाय, बाय?"

तिनं माझा हात धरून पाठीवर ठेवला. लोकरीखाली मणका करवतीसारखा लागला. मी रोज पोटावर हात फिरवत होते, पाठीवर कधी फिरवलाच नव्हता. तिनं डोळ्याची पापणी उलटी केली. आत धुतलेल्या तांदळासारखं पांढरं.

"हितं लाल पायजे. काय चारलंस?"

मी सगळं सांगितलं.

"आन कडू?"

"नाही पाजलं," मी सांगितलं.

"गवत कुठलं?"

पाझरावर नेलं. तिनं एक पातं उपटलं, त्यावरची गोगलगाय नखावर घेतली आणि लांब फेकली. "ओलीचं. गोगलगाय तिथं जंत; ते रगत पित्यात, आन पोटात पाणी भरतं," म्हणाली, आणि मागं वळली.

तिनंच पळसपापडी, वावडिंग आणि कडुनिंबाचा पाला वाटला. मी जबडे धरले. या वेळी एकही रडलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. आठ दिवसांत दोन गेली. दोन जगली. कोरड्या वैरणीवर आणि भरड्यावर हळूहळू उभी राहिली. कळप घाट चढून आला तेव्हा धनगरीण ती दोन्ही घेऊन गेली.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या कार्तिकात मी बांधावर उभी होते. त्या धनगरणीच्या घोड्यावरच्या जाळीत तीन बारकी कोकरं होती. ती माझ्याकडं बघून हसली, आणि घोडं तसंच पुढं हाकललं.

आता तुझं. काल चहा घेताना मी सहज विचारलं, गवत कुठून आणतेस, तर म्हणालीस, ओढ्याच्या कडेचं, लई हिरवं असतं. ते आजच बंद कर. पोटावरचा हात काढ, पाठीवरून फिरव. पापणी उलटून बघ. पांढरी दिसली तर गुरांच्या डॉक्टरला बोलव, घरातलं काहीबाही पाजत बसू नकोस. आणि रविवारची वाट बघू नकोस. त्यातलं सगळ्यात गप्प झालेलं कोकरू कडेवर घे आणि उद्याच इकडं ये. माझी नजर अधू झालीय, पण अंगठ्याला अजून मणका कळतो. चहाही पुरा पिऊन जा.