पबमध्ये वाजवणारी मुलगी

आमच्या मुलीने फार्मसीचं कॉलेज सोडल्याचं फोनवर सांगितलं, त्या दिवसापासून माझा नवरा गप्पच झाला. ऑफिसला जायचा, यायचा, भांडी डिशवॉशरमध्ये लावायचा, पण तिचा विषय काढायचा नाही. शेवटी मीच तिला मेसेज केला, रविवारी तू वाजवतेस तिथे आम्ही येतो. तिचं उत्तर आलं, "ओके आई. बट प्लीज, नो लेक्चर."

ती एका आयरिश पबमध्ये व्हायोलिन वाजवायची. आम्ही अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहतो; गावाचं नावच आयर्लंडच्या राजधानीचं, त्यामुळे असे पब इथे आहेतच. पण इतक्या वर्षांत मी एकाही पबात पाऊल ठेवलं नव्हतं.

दाराशी नवरा म्हणाला, "तू उतर, मी गाडी लावून येतो."

पार्किंग अर्धं रिकामं होतं. मी उतरले.

आत स्टेजच नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती काहीजण गोल करून वाजवत बसले होते, बहुतेक पिकल्या केसांचे, आणि त्यांच्यात आमची मुलगी, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं होतं, ती समोर उभी असेल, टाळ्या पडतील, घरी सांगायला काहीतरी मिळेल. इथे लोक तळलेले मासे खात होते, भिंतीवरच्या टीव्हीत मॅच बघत होते. एक धून संपते न संपते तोच दुसरी सुरू व्हायची, आधीपेक्षा जलद. मला एका जागी बसवेना. मेन्यूभर बटाट्याचेच प्रकार होते. मी शाकाहारी, म्हणून बटाट्याचं सूप मागवलं, तर त्यात चिकनचा स्टॉक निघाला. मग नुसता गरम ब्रेड आणि लोणी खात राहिले आणि दाराकडे बघत राहिले.

बराच वेळ झाला तरी नवरा येईना. खिडकीतून पाहिलं, तर तो गाडीतच बसलेला. फोन केला.

"जागा मिळाली नाही का?"

"मिळालीय."

"मग?"

"येतो म्हटलं ना."

तेवढ्यात मुलगी चुकली. सगळे पुढे गेले आणि तिचं व्हायोलिन भलतीकडेच. मी हातातला ब्रेड खाली ठेवला. शाळेत एक मार्क कमी पडला तरी जेवण टाकणारी पोर ही. पण ती मान मागे टाकून हसली. शेजारचे बासरीवाले आजोबाही हसले, आणि पुढच्या फेरीला ती पुन्हा त्यांच्यात मिसळली. स्वतःच्या चुकीवर तिला हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

वाजवणं थांबलं तेव्हा नवरा आत आला. तीही आमच्या टेबलाशी आली. त्याने तिला जवळ घेतलं नाही, रागावलाही नाही. विचारलं, "हेल्थ इन्शुरन्सचं काय?"

"बाबा, सकाळी जॉब करते मी, इन्शुरन्स तिथूनच मिळतो. फार्मसीच्याच काउंटरवर."

"डिग्रीशिवाय?"

"येस. डिग्रीशिवाय."

तो खाली बसला. तिने त्याच्यासाठी मासे मागवले. त्याने निमूटपणे सगळे संपवले आणि आणखी लिंबू मागितलं. तिला कोणीतरी हाक मारली तशी ती पुन्हा कोपऱ्यात गेली. आम्ही शेवटपर्यंत थांबलो, पण त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. तालात की चिंतेने, ते मला कळलं नाही.

ती कॉलेजला परत गेली नाही. आता दुसऱ्या शहरात, तिथल्या दोन पबांत वाजवते. आम्ही विचारणं सोडलं आहे, पण घोर काही जात नाही.

परवा पुण्याहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. "लेक काय करते गं सध्या?"

"व्हायोलिन वाजवते."

"क्लासिकल?"

"नाही ताई. पबमध्ये."

मग तिने विचारलं, "तिथे जेवायला काय मिळतं?" आणि मी तिला बटाट्याचे सगळे प्रकार एकेक करून सांगत बसले.