मीठ-सात म्हणजे प्लायवूड

आमच्या बोर्ली पंचतनातले माझे शेजारी कृष्णाजी खाडीवरच्या एका कंपनीच्या धक्क्यावर तेवीस वर्षं कॉम्प्युटर चालवत होते, आणि तेवीसही वर्षं कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी नवा कागद.

कॉम्प्युटर मात्र तोच, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. एवढी श्रीमंत कंपनी नवा का घेत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, गेट, वजनकाटा, बोटींचे नंबर, सगळं त्यालाच बांधलंय. ज्यांनी बनवला ते केव्हाच निघून गेले. तो बंद तर धक्का बंद, आणि धक्का एक दिवस बंद ठेवायची कुठल्याच साहेबाची छाती नाही.

तो कॉम्प्युटर आला तेव्हा धक्क्यावरून फक्त मीठ आणि कोळसा जायचा. पुढे प्लायवूड आलं, पत्रे आले, रसायनं आली. त्यांना कॉम्प्युटरात जागाच नव्हती. साहेब म्हणाले, आतलं काही हलवू नका, बिघडेल. मग कृष्णाजींनीच तोड काढली. मीठ-सात म्हणजे प्लायवूड, मीठ-अकरा म्हणजे पत्रे. गेटवाल्यांनाही त्यातले दोन-चार आकडे पाठ झाले, बाकी सगळे कृष्णाजींच्याच डोक्यात. लिहून कुणी ठेवलं नाही.

गेल्या मार्चात नवा कॉम्प्युटर आला आणि कृष्णाजींचा कागद आला नाही. साठीला दोन वर्षं उरलेली. आता गरज नाही, एवढंच सांगितलं. निरोपाचा चहासुद्धा पाजला नाही हो!

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरांनी जुन्यातलं नव्यात भरताना बघितलं, इथून मीठ जाणं तर कधीच थांबलंय. त्यांनी मीठ पुसून टाकलं. सोमवारी गेटवर साठ ट्रक उभे, आणि कॉम्प्युटरच्या लेखी एकातही माल नाही. मला हसू आलं. कृष्णाजींच्या बायकोला, चंदाबाईंना, नाही आलं.

दुपारी मॅनेजरांची गाडी त्यांच्या दारात. जुना कॉम्प्युटर पुन्हा लावला होता, आता चालवणारा हवा होता. आठ दिवस या, म्हणाले.

"आठ दिवस न्हाय, साहेब. कायम करा, मग येतो."

ते माझ्या हातात नाही, असं मॅनेजर म्हणताहेत तोच चंदाबाई बाहेर आल्या. "त्या डबड्याला तेवीस वर्सं एसीची खोली हाय. आमच्या माणसाला साधं ओळखपत्र न्हाय. जुनं झालं म्हणून काढलंत, तर परत जागेवर बसवलंत. आमच्या माणसाला फकस्त आठ दिवस?"

गाडी गेली. बुधवारी पत्र घेऊन परत आली. कायम केलं होतं, त्या बुधवारपासून. मागच्या तेवीस वर्षांचा पत्रात उल्लेखही नाही. मी म्हटलं, भाऊ, सही करू नका.

"वहिनी, दोन वर्सं तरी कायमचा माणूस म्हणून गेटातून आत जाईन."

सही करून ते जेवणाचा डबा घेऊन कामावर गेले. पत्राच्या तळाशी अट होती: कुठलं मीठ म्हणजे कुठला माल, हे सहा महिन्यांत लिहून द्यावं. चार महिने झाले, त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. लिहा, असं मी तरी त्यांना सांगणार नाही.