दहा बोटांची भीती

माझी डावीकडची खालची दाढ दिवाळीपासून ठणकत होती, आणि रविवारी गच्चीवर भरीत-पुरी होती. इथं गुजरातेत, नवागाममधले आम्ही खानदेशी हिवाळ्यात एकदा जमतो. गावाकडून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या येतात, त्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडजीत ठेचायची. भाजणारा मी, आणि चव बघून ‘झालं’ म्हणणाराही मीच. हा मान मी कोणाला देत नाही. आता भरतात शेंगदाणे आले, खोबऱ्याचे काप आले. न चावता नुसतं गिळून काय चव कळते?

दाढ काढायचं ठरलं. ओट्यावर बसून मी सगळ्यांना ऐकवलंही, “हजीऱ्याला पोलादाच्या भट्टीपाशी राबलोय मी. सुईला काय भिणार?” खरं म्हणजे मी एकदा दातांच्या कॉलेजच्या फाटकातून तसाच परत आलो होतो. ते फक्त बायकोला ठाऊक. बाकी कोणाला कळता कामा नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

या खेपेला बायको सोबतच आली, मी पळू नये म्हणून. तिथं एक गुजराती पोरगी भेटली. डॉक्टर झालेली, आणखी पुढचं शिकणारी. दात काढायला आलेल्या माणसाला भीती किती वाटते ते मोजायचं, हाच तिचा अभ्यास. ज्याला फार वाटते त्याला ती नाकातून एक गॅस द्यायची आणि पुन्हा मोजायची. तिनं एक पट्टी पुढं केली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा.

“काका, बीक लागे छे?”

“भीती? मला?” मी शून्यावर बोट ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं.

मग तिनं माझ्या बोटाला चिमटा लावला. मशीन टुकटुक टुकटुक पळायला लागलं.

“काका, नाडी तर काही वेगळंच सांगते.”

“मशीन बिघडलंय. तेल घाल त्याला.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. पोरगी हसली, पण म्हणाली, “नाडी अशी पळत राहिली तर आज मी दाढ काढणार नाही. पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात! आणि रविवारचं भरीत? “नाडीला बसू दे जरा,” मी म्हटलं आणि खुर्चीत आडवा होऊन तोंड उघडलं. तेवढ्यात ताटलीतली सुई दिसली.

आता इथं एक सांगायला पाहिजे. हजीऱ्याच्या आधी मी बरीच वर्षं कापडाच्या लूमवर होतो. लूमच्या खात्यात खडखडाट एवढा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. सगळं बोलणं हातांनी. तळहात खाली दाबला की मशीन बंद कर. बोटं दाखवली की तेवढे लूम अडलेत. बायको त्याच खात्यात सुताच्या कांड्या भरायची. आमचं निम्मं संसाराचं बोलणं असंच झालं.

तर सुई दिसली आणि माझा हात आपोआप उठला. तळहात खाली, खाली, खाली.

बायको ताडकन उभी. “थांब वं बाई! त्या बंद कर म्हनी ऱ्हायनात!”

“तुम्हाला कसं कळलं, काकी?”

“आमनी भाषा शे ती.” आणि समोर येऊन तिनं मला हातानंच विचारलं: किती अडलेत?

तोंड उघडं, आत पोरगीचा आरसा. जीभ मोकळी असती तर शून्यच म्हणालो असतो. पण हात खात्यात वाढलेले. दोन्ही पंजे वर गेले, दहाच्या दहा बोटं.

“दहा!” पोरगी अशी खूश झाली जणू तिचीच परीक्षा पास झाली. लगेच नाकावर रबरी वाटी बसली. गोडसर वास आला. आधी पायाची बोटं हसायला लागली, मग गुडघे. लाइट गेलेल्या खात्यात लाइट परत यावी आणि सगळे लूम एकदम सुरू व्हावेत, तसं अंगात झालं. छतावरचा दिवा मला चांगला माणूस वाटला. पायथ्याशी बायको उभी होती, आणि ती पार कांड्या भरायच्या वयाची दिसत होती. लग्नाआधी खात्यात मी तिला पहिल्यांदा जे विचारलं तेच हातानं विचारलं: चहा पिते का?

तिनं तेव्हा दिलं तेच उत्तर दिलं: आधी तोंड धू.

मी खुर्चीत गदगदलो. “काका, हलू नका!” म्हणत पोरगीही हसत होती. सुई कधी टोचली, दाढ कधी निघाली, देव जाणे. शेवटी तिनं पुन्हा विचारलं, आता किती? मी मूठ आवळून दाखवली. शून्य! ते मात्र खरं होतं.

रविवारी मी वांगी भाजली. उजव्या बाजूनं शेंगदाणे चावले, ‘झालं’ म्हटलं आणि सगळ्यांना सांगितलं, “डॉक्टरीणबाईनं पट्टीवर मोजली. भीती शून्य!” खोटं नव्हतंच. खाली लग्नाचा डीजे दणाणत होता, म्हणून ओरडूनच सांगितलं.

पुऱ्यांच्या कढईपाशी बायको बसली होती. तिला ओरडायची गरज नव्हती. पिठाचे दोन्ही पंजे तिनं वर केले आणि बोटं फाकवली. आधी दहा, मग नाकावर वाटी, मग कुठं शून्य, हे तिनं हातानंच नीट समजावलं.

गच्चीवरचे सगळे म्हातारे लूमवालेच. एकूणएक जण तिचे हात वाचून मोकळा. हसता हसता एकाचं भरीत सांडलं.

मी तळहात खाली दाबून दाखवला. कोणी बंद व्हायला तयार नाही.